अठ्ठ्याण्णवचं मॉडेल

“माळेला हात लावायचा नाही,” इंदिराबाई म्हणाल्या. “मांडलेली पूजा हलवल्याशिवाय देवाच्या बापालाही माळ उतरवता येत नाही.”

हे त्या संघपालला सांगत होत्या. संघपाल देवाचा बाप नव्हता. तो लासुर्ण्याचा, बारामतीत एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला असलेला तरुण होता आणि दसऱ्याच्या त्या सकाळी पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट आणि पांढरे मोजे घालून, कशाला अंग लागणार नाही अशा बेताने खळदकर टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मधोमध उभा होता. बाहेर रस्त्यावर जीप थांबली होती. जीपमध्ये त्याची आई केसरबाई, दोन मावश्या आणि निम्मी आळी, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. आज धम्मदीक्षेचा दिवस. विहारात वंदना सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं. ‘पाच मिनिटांत आलो’ असं सांगून संघपाल उतरला होता आणि ती पाच मिनिटं आता चांगली वयात आली होती.

“काकू, मी कुठं लावतोय हात? आमच्यात पूजाच नसती. तुमीच काढा. मी पाठ करून उभा ऱ्हातो.”

“तू पाठ केलीस म्हणून देव पाठ करणार आहे का?”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

माधव खळदकर सर दोघांच्या मधे उभे होते. लग्न झाल्यापासून ते बऱ्याच गोष्टींच्या मधे उभे होते, त्यामुळे त्यांना सवय होती.

“अगं, नुसती बाजूला सरकवली तर?” एवढंच ते बोलले.

“तलवार पूजेत असताना नुसती बाजूला सरकवतात का?”

सरांनी आयुष्यात तलवार पाहिली नव्हती. 

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो कॉम्प्युटर टेबलावर शांत होता. मॉनिटरवर हळदीकुंकवाची बोटं, कीबोर्डवर आपट्याची पानं, माऊसच्या कपाळावर टिळा, आणि त्याचा तो उभा डबा, ज्यात त्याचं सगळं डोकं असतं, तो खालपासून वरपर्यंत झेंडूत बुडालेला. आदल्या दिवशी खंडेनवमीला इंदिराबाईंनी स्वतः ही पूजा मांडली होती. चालू करायचं बटण तेवढं फुलांतून उघडं ठेवलं होतं, कारण त्या आधुनिक विचारांच्या होत्या.

ते बटण दाबलं की आत पंखा फिरे, खर्र खर्र असा आवाज येई, झेंडूच्या पोटात कुठंतरी एक हिरवा दिवा लागे आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत मजकूर उमटे. त्याचा अर्थ असा, की सिस्टिमची डिस्क बरोबर नाही, ती बदला आणि मग कोणतंही बटण दाबा. कोणतंही बटण दाबलं की पुन्हा खर्र खर्र, आणि पुन्हा तोच मजकूर. सरांना हा सूर ओळखीचा वाटला. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना तहसील कचेरीचे अर्ज टाइप करून दिले होते. कागद बरोबर नाही, बदलून आणा. कोणता, ते सांगायचं नाही.

“परवा तर चालू होतं ना रे?” त्यांनी विचारलं.

“मस्त चालू होतं, सर. नवीन अठ्ठ्याण्णव टाकलं, मराठी फाँट टाकलं, बंद केलं आन गेलो. ह्ये अठ्ठ्याण्णवच नीट बसल्यालं न्हाय. आता सगळं पुन्यांदा टाकायला लागंल. त्याला आधी फ्लॉपी घालाया पायजे, आन फ्लॉपीचं तोंड माळंखाली हाय.”

“पूजा संध्याकाळी हलेल,” इंदिराबाई म्हणाल्या. “सोनं लुटून आल्यावर.”

उद्घाटन सकाळीच होतं.

खळदकर टायपिंग म्हणजे इंदापुरात एक आवाज होता. एस.टी. स्टँडकडून बाजारात येताना तो आधी कानावर पडे आणि मग पाटी दिसे. तहसील, पंचायत समिती, कोर्ट, साखर कारखाना; तालुक्यात जिथं जिथं कोणी कोणाचा अर्ज फेटाळत असेल, तिथं फेटाळल्याचं पत्र टाइप करणारा माणूस सरांच्या हाताखालून गेलेला असे. सर शिकवत ते कानानं. आतल्या खोलीत चहा पीत बसले असले तरी बाहेरच्या खडखडाटात एखादं अक्षर त्यांना लंगडं ऐकू येई आणि ते जागेवरूनच ओरडत, “करंगळी!”

करंगळीनं मारायची अक्षरं पोरं आळसानं शेजारच्या बोटानं मारत. त्याचा ठोका वेगळा पडतो, असं सरांचं म्हणणं. बाहेर सगळी मशिनं एकदम चालू असली तरी ज्याचं चुकलं असेल तोच दचके. झोपेतसुद्धा सर अधूनमधून ‘करंगळी’ म्हणत. लग्न झाल्या झाल्या इंदिराबाईंनी चार दिवस ही कोण, याचा तपास केला होता.

पण हळूहळू नोकरीच्या जाहिरातीत खाली एक ओळ यायला लागली: संगणकाचे ज्ञान आवश्यक. मशिनं एकेक करून गप्प झाली. रेक्झिनच्या टोप्या घालून ती भिंतीला टेकून बसली. दिवाळीच्या आत सोलापूरचा एक व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता आणि त्यांना घेऊन जाणार होता. तसं बोलणं झालं होतं. दरवर्षी खंडेनवमीला प्रत्येक मशिनला एकेक लहान माळ असे. यंदा एकेक फूल होतं. एक नंबरच्या मशिनला तेही नव्हतं. सरांनी पहिल्यांदा घेतलेलं ते मशिन. त्याच्या टोपीवर पाट, पाटावर इंदिराबाईंनी विणलेला रुमाल आणि रुमालावर तांब्या-भांडं ठेवून ते प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी टीपॉय म्हणून उभं केलं होतं. उंचीला बरोबर बसत होतं.

कॉम्प्युटर शिकवायला बारामतीहून एक मॅडम येणार होत्या. सरांनी दाराशी बसून पावत्या फाडायच्या, असं ठरलं होतं. हे ठरवलं सरांनीच, पण ठरल्यानंतर ते कोणी ठरवलं असावं, असा प्रश्न त्यांना मधूनमधून पडे.

आता हे अठ्ठ्याण्णवचं काय, तर त्याला कारण सणसरचे जोतीराम.

कॉम्प्युटर पहिल्यांदा आला तेव्हा त्यात विंडोज ९५ होतं. जोतीरामना आपल्या मेघनाला क्लासला घालायचं होतं म्हणून ते बघायला आले. चारी बाजूंनी फिरून त्यांनी कॉम्प्युटर पाहिला, खाली वाकून पाहिला, आणि त्यात काय आहे ते विचारलं. सरांनी सांगितलं, विंडोज पंच्याण्णव.

“साल अठ्ठ्याण्णव चाललंय, आन मशीन पंच्याण्णवचं? म्हंजी सेकंडह्यांड हाय.”

सरांनी समजावून सांगितलं की मशिन नवंच आहे, आतला प्रोग्रॅम तेवढा पंच्याण्णव. जोतीरामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मास्तर, ट्रॅक्टर घेण्यात आन इकण्यात जलम गेला माझा. वरनं रंग नवा असतो. विंजन पंच्याण्णवचं ते पंच्याण्णवचंच.”

आठवड्याच्या आत इंदापूर तालुक्यात झालं की खळदकर सरांनी जुनं मॉडेल आणून पोरांच्या गळ्यात मारायचं ठरवलंय. तेवढ्यात बारामतीच्या एका एसी क्लासनं मोठी पाटी लावली, ‘आमच्याकडे ९८’. त्यांच्याकडे काय अठ्ठ्याण्णव होतं, ते लिहिलं नव्हतं. पण एसी होता, हे खरं. मग सरांनी संघपालला बोलावून अठ्ठ्याण्णव टाकून घेतलं. त्यांना ते टाइपरायटरला नवी रिबीन घालण्यासारखं वाटलं. निमंत्रणपत्रिका छापली, ‘अद्ययावत ९८ मॉडेल संगणकाचे उद्घाटन, माजी सभापती मा. आबासाहेब यांच्या शुभहस्ते’. आणि आता ते अद्ययावत मॉडेल झेंडूच्या आडून डिस्क बदला म्हणत होतं.

जोतीराम मेघनाला घेऊन वेळेच्या आधीच आले. त्यांच्या मागून इतर आईबाप, पोरं, शेजारचे दुकानदार. खुर्च्या भरल्या. जोतीरामांनी पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं.

“मास्तर, एक सरळ बोलतो, राग मानू नगा. ह्ये आज डोळ्याम्होरं चालू झालं, तर पोरगी हितं. न्हाय झालं, तर उद्याच्याला बारामतीची यष्टी. आन ही सगळी माझ्याकडं बघून हायती.”

ते खरं होतं. सगळी त्यांच्याकडेच बघून होती. हा वर्ग आज भरला नाही तर मशिनंही जाणार होती आणि कॉम्प्युटरही पांगळा बसणार होता. मग पाटी कशाची राहणार? सर ‘हो हो’ म्हणाले. आणि गंमत अशी, की त्याच क्षणी मनाच्या अगदी आतल्या खोलीत त्यांना किंचित बरं वाटलं. नाही ना चालत? टाइपरायटर असं कधी करत नसे. तुटला तर तुटला म्हणे, पण ‘बदला आणि कोणतंही बटण दाबा’ असली भाषा त्यानं केली नाही. मग या बरं वाटण्याची त्यांना लाज वाटली आणि ते घाईघाईनं संघपालला म्हणाले, “तुझ्या शेठला फोन लाव ना.”

संघपाल समोरच्या एस.टी.डी. बूथवर जाऊन आला.

“शेठ पूजेला बसल्यात, सर. पूजंवरनं उठल्याशिवाय बोलत न्हाईत.”

इंदिराबाईंनी शेठविषयी आदराने मान हलवली.

संघपालनं मग हाताच्या दोन बोटांनी, शर्टाची बाही सांभाळत, मागच्या वायरी एकेक करून काढल्या आणि घातल्या. बटण दाबलं. खर्र खर्र. तोच मजकूर. झेंडूतला हिरवा दिवा लुकलुकला तेव्हा पहिल्या ओळीतल्या दोन बायकांनी त्याला नमस्कार केला.

“ढकलस्टार्ट न्हाय का ह्येला?” जोतीरामांनी विचारलं.

फोटोग्राफर विकी, ज्याला सरांनी उद्घाटनासाठी सांगितलं होतं, तो सरांच्या कानाशी लागला. “सर, टेन्शन घेऊ नका. फोटोत चालू-बंद काय कळत न्हाय. पडद्यावर मी असा फ्लॅश मारतो, सगळं पांढरं येतं. पेपरला चालतंय.”

“पोरांना चालणार नाही रे,” सर म्हणाले.

हॉर्न वाजला. या वेळी दोनदा. पाठोपाठ केसरबाईंचा आवाज आला, “आरं संघ्या, त्या मशिनीला घिऊन ये गाडीत, पर चल!”

आणि त्याच वेळी दारात आबासाहेब आले.

आबासाहेब माजी सभापती होते. आजी सभापती कोण हे इंदापुरात पटकन कोणाला सांगता येत नसे, पण आबासाहेब माजी आहेत हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यांच्या अंगावर कडक खादी होती. आत येताच त्यांनी संघपालचे पांढरे कपडे पाहिले आणि त्याला कार्यकर्ता समजून त्याच्या हातात आपली पिशवी दिली. मग ते खुर्चीत बसले, भाषणाला उभे राहिले आणि पुन्हा बसायचं विसरले.

“मी बी ह्याच सरांचा विद्यार्थी,” ते म्हणाले. “आपल्याला ठाव नसंल. तीन आठवडं बसलो मी हितं. सर आतनं वरडायचे, करंगळी! आता माझी ही करंगळी,” त्यांनी ती सभेला दाखवली, “ही क्रिकेट खेळताना मोडल्याली. ती काय उचलंना. म्हणून मग मी राजकारणात गेलो. न्हायतर आज तहसीलात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो असतो.”

टाळ्या झाल्या. उद्घाटनासाठी आबासाहेब पुढे झाले आणि त्यांनी झेंडूतलं बटण शोधून शुभहस्ते दाबलं. विकीनं फोटो काढला. पंखा फिरला, खर्र झालं, मजकूर आला.

“काय म्हणतंय?”

“कोणतंही बटण दाबा म्हणतंय,” सर म्हणाले. अर्धा मजकूर त्यांनी गाळला. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मुळातला एक स्वल्पविराम सुटला तरी ते पान फाडून नवं घालायला लावत.

आबासाहेबांनी सगळ्यात मोठं बटण निवडून दाबलं. खर्र खर्र. कोणतंही बटण दाबा.

“ह्ये तर निवडणुकीसारखं झालं,” आबासाहेब म्हणाले. “कुठलं बी दाबा, पुन्हा तेच.” त्यांनी मग जोतीरामांना बोलावलं, जोतीरामांनी कोपऱ्यातलं एक बटण अंगठ्यानं, बियाणं पेरावं तसं दाबलं. विकीनं दाबलं. इंदिराबाईंनी आधी हात जोडून मग दाबलं. सगळ्यांना तेच उत्तर मिळालं. सभेत कुजबुज सुरू झाली. मागच्या ओळीतला एक बाप उठून एस.टी.च्या टाइमाविषयी कोणाला तरी विचारू लागला. सरांना ते ऐकू आलं. त्यांचा कान अजून शाबूत होता.

आबासाहेबांनी हात वर केला. सभा कशी सांभाळायची हे त्यांना येत होतं. तेवढंच येतं, असंही लोक म्हणत. “थंडं हाय त्ये. डिझेल विंजनाला बी येळ लागतो. तवर सत्काराचं उरकून घिऊ. तवर गरम हुईल.”

विकी पुढे सरसावला, एक गुडघा टेकून बसला, कॅमेरा डोळ्याला लावला. “सर, हार!”

सरांनी इंदिराबाईंकडे पाहिलं. इंदिराबाईंनी वर पाहिलं.

झालं होतं असं, की इंदिराबाईंनी बाजारातून दोन माळा आणल्या होत्या. एक कॉम्प्युटरसाठी, बेताची. एक आबासाहेबांसाठी, जाड, मधे जरीचं फूल असलेली. बेताची माळ डब्याला पुरेना. तोंड उघडं राहिलं तर देव थंडीत बसल्यासारखा दिसतो, म्हणून त्यांनी आबासाहेबांची माळ त्याला दुहेरी घातली आणि बेताची शारदेच्या तसबिरीला टाकली. आबासाहेबांना नारळ देऊ, असं त्यांच्या मनात होतं. ते मनातच राहिलं होतं.

आबासाहेबांनी मान खाली घातली होती. हारासाठी मान खाली घालायची त्यांची एक पद्धत होती: डोळे मिटून, चेहऱ्यावर ‘कशाला, कशाला’ असा भाव. ती मान तशीच थांबली. सभा थांबली. विकीचं बोट थांबलं. इंदापूर तालुक्यात माणसाला शिवी दिली तर तो विसरतो, पण सत्काराला उघड्या मानेनं ताटकळत ठेवलेलं त्याच्या नातवापर्यंत जातं. आबासाहेबांचा एक डोळा किलकिला झाला.

सरांनी खोलीभर नजर फिरवली. शारदेला हात लावणं शक्य नव्हतं, ती विद्येची देवता. खोलीत दुसरी एकच माळ होती.

त्या दिवसात पहिल्यांदा सरांनी कोणाला न विचारता एक गोष्ट केली. ते तीन ढांगांत कॉम्प्युटरपाशी गेले, दोन्ही हातांनी झेंडूची ती दुहेरी माळ वर उचलली आणि वळून आबासाहेबांच्या गळ्यात घातली.

“अहो!” इंदिराबाईंचा आवाज आला, पण तो फ्लॅशमध्ये विरला.

“प्रसादाची माळ आहे, आबासाहेब,” सर म्हणाले. “देवाची. कालच्या पूजेतली.”

आबासाहेबांचे डोळे उघडले आणि लगेच पाणावले. इतकी वर्षं लोकांनी त्यांना हार घातले होते, पण देवाच्या अंगावरचा काढून घातलेला हा पहिलाच. त्यांनी सरांचे हात धरले. इंदिराबाईंनी माळेसाठी पुढे केलेला हात मागे घेतला, कारण समोरचा माणूस रडत होता.

मग पुढाऱ्यांची जी रीत असते ती झाली. फोटो निघाल्यावर हार गळ्यात ठेवला तर माणूस हावरट दिसतो, म्हणून आबासाहेबांनी तो तत्परतेनं काढला आणि शेजारी जे होतं त्यावर ठेवला. शेजारी एक नंबरचं मशिन होतं. तांब्या सरकला, रुमाल दबला.

तेवढ्यात जोतीराम म्हणाले, “मास्तर, त्येच्या तोंडात काय हाय? काय तरी निळं भाईर आलंय.”

सगळ्यांनी पाहिलं. माळ निघाल्यावर कॉम्प्युटरचा चेहरा उघडा पडला होता, आणि त्याच्या फटीतून जीभ दाखवावी तशी एका निळ्या फ्लॉपीची कड बाहेर आली होती. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. संघपालच्या अक्षरात.

संघपालनं ती पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरून आधी रक्त गेलं आणि मग दुप्पट होऊन परत आलं. परवा त्यानं मराठी फाँट टाकले होते, ते या फ्लॉपीवरून. फाँट टाकले, मशिन बंद केलं, फ्लॉपी तोंडातच राहिली. कॉम्प्युटर सकाळपासून बिचारा आधी फ्लॉपी वाचून बघत होता आणि तिच्यात मराठी अक्षरं सोडून काहीच सापडत नाही म्हणून ‘ही नव्हे, बदला’ असं प्रामाणिकपणे सांगत होता. अठ्ठ्याण्णवला काही झालेलं नव्हतं.

तो कपड्यांची पर्वा न करता पुढे झाला. सभेकडे पाठ करून, अंगाचा आडोसा धरून एक बटण दाबलं, फ्लॉपी काढली, शर्टाच्या खिशात टाकली, आणि कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. कोणतंही.

खर्र झालं नाही. पडदा क्षणभर काळा राहिला आणि मग त्यावर निळं आकाश आलं, पांढरे ढग आले आणि ढगांच्या मधोमध इंग्रजीत आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

“आलं! मॉडेल आलं!” जोतीराम ओरडले. टाळ्या अशा पडल्या की बाहेर जीपमधल्या बायकाही खाली उतरून दाराशी आल्या.

कॉम्प्युटर का चालू झाला, याविषयी इंदापुरात पुढे दोन-तीन मतं राहिली. आबासाहेबांचं मत, आपल्या गळ्यात माळ पडली आणि मशिन चालू झालं. यात त्यांचं काही नव्हतं, पण झालं खरं. इंदिराबाईंचं मत, देवानं मोठ्या मनानं माळ दिली आणि मग कामाला लागला. जोतीरामांचं मत, गरम झालं.

संघपालला काय वाटत होतं ते त्याच्या कानांवर दिसत होतं. आबासाहेबांची पिशवी त्यांना परत देऊन तो सरांपाशी आला आणि खाली बघत म्हणाला, “सर, ते जरा…”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. हजारो कागद त्यांनी तपासले होते. कुठं रबरानं खोडलंय ते त्यांना लांबून कळे.

“संघपाल,” ते हळू आवाजात म्हणाले, “खिशावर हात ठेवून जा. पांढऱ्यातून निळं दिसतंय.”

संघपालनं छातीवर हात ठेवला. तसाच, राष्ट्रगीताला उभा असल्यासारखा, तो बाहेर गेला. केसरबाईंनी त्याला पाहून विचारलं, “छातीत दुखतंय का रं?” जीप सुरू झाली आणि विहाराच्या रस्त्याला लागली.

चहा झाला. आबासाहेब दुसऱ्या उद्घाटनाला गेले. आईबापांनी पोरांची नावं दिली. सरांनी दाराशी बसून पावत्या फाडल्या. पहिली पावती मेघनाची. गर्दी पांगल्यावर इंदिराबाई खोलीत आल्या आणि टीपॉयवरच्या माळेकडे बघत उभ्या राहिल्या.

“आता ही कुठं ठेवायची? माणसाच्या गळ्यात गेलेली परत पूजेत चालत नाही. आणि पूजेतली खाली टाकता येत नाही.”

सर उठले. त्यांनी तांब्या-भांडं खाली ठेवलं, माळ एका हातात घेतली, रुमाल काढला, पाट काढला. मग रेक्झिनची टोपी काढली. एक नंबरच्या मशिनची अक्षरं आतल्या बाजूला पंख्यासारखी मिटून बसली होती. सरांनी खांद्यावरच्या पंच्यानं त्याच्या कागद सरकवणाऱ्या गाडीवरची धूळ पुसली आणि माळ त्याला घातली. दुहेरी घालावी लागली नाही. एकेरीच पुरली, दोन्ही बाजूंना सारखी लोंबली.

 इंदिराबाई आत जाऊन आल्या.

“कुंकू राहिलं होतं,” त्या म्हणाल्या आणि मशिनच्या कपाळावर बोट टेकवलं.

पलीकडे मेघना कॉम्प्युटरसमोर बसली होती. जोतीराम बाहेर चपला घालत होते. तेवढ्यात तिला आपलं नाव लिहून बघायचं होतं. सर पावतीपुस्तक घेऊन दाराशी जाऊन बसले, तिच्याकडे पाठ करून. मागून बोटं चालल्याचं त्यांना जाणवत होतं, पण नवा कीबोर्ड मऊ होता. ठोका नव्हता, घंटा नव्हती, ओळ संपल्याचा तो खटका नव्हता. सरांनी डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली आणि कान लावला. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग पुन्हा काहीच नाही.

“करंगळी!” सर म्हणाले.

मेघना दचकली. तिनं मागं न बघता बोट बदललं.

ऐकू काहीच आलं नव्हतं. सरांनी अंदाजानं म्हटलं होतं.